धूर गेला कुठे?



आपले अंगण लख्ख झाडायचे आणि कचरा हळूच शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे सरकवायचा, ही रीत आपल्याकडे नवी नाही. झाडणाऱ्याला विचारले तर तो सांगेल, माझे अंगण स्वच्छ आहे. तो खोटे बोलत नसतो. अंगण खरोखरच स्वच्छ असते. मग त्याचे चुकते कुठे?

ह्या साध्या प्रश्नाचे बोट धरून आपण आज समुद्राकडे जाऊ या. कारण आता समुद्रावरही झाडू फिरू लागला आहे. सौर बोटी, विजेवर चालणाऱ्या फेरीबोटी, 'हरित' जहाजे, 'हरित' बंदरे असे शब्द वर्तमानपत्रांतून आपल्या घरात येऊ लागले आहेत. आपल्यापैकी कित्येकांची चूल समुद्राच्या जिवावर पेटते. ज्यांची पेटत नाही तेही खाडीचाच वारा घेतात. तेव्हा हे शब्द ऐकून नुसते 'छान, छान' म्हणणे किंवा 'ही सगळी मोठ्या लोकांची थेरं' म्हणून हात झटकणे, ही दोन्ही टोके सोडून जरा विचार करायला हवा.

आधी जे खरोखर चांगले घडले आहे ते पाहू. केरळमध्ये वेंबनाड ह्या मोठ्या सरोवराच्या एका काठावर वैकोम आहे आणि समोर तवणक्कडवू. मधले पाणी अडीच-तीन किलोमीटरचे. नोकरदार, विद्यार्थी, बाजारहाट करणाऱ्या बायका वर्षानुवर्षे डिझेलच्या बोटीने हे पाणी ओलांडत आल्या आहेत. १२ जानेवारी २०१७ रोजी तेथे 'आदित्य' नावाची बोट सुरू झाली. पंचाहत्तर प्रवाशांची, सूर्यप्रकाशावर चालणारी ही भारतातील पहिली फेरीबोट. राज्याच्या जलवाहतूक खात्याने ती कोचीजवळच्या एका तरुण कंपनीकडून बांधून घेतली. छतावर वीस किलोवॅटचे पॅनेल, पोटात पन्नास युनिटची लिथियम बॅटरी आणि वीस-वीस किलोवॅटच्या दोन मोटारी. दिवसाला वीस-बावीस फेऱ्या. तिकीट शेजारच्या डिझेल बोटीइतकेच ठेवण्यात आले. जेथे रोज काही हजार रुपयांचे डिझेल जळत असे, तेथे संध्याकाळी बॅटरी भरून घेण्यासाठी लागणाऱ्या विजेचे बिल काहीशे रुपयांवर आले.

ज्यांनी जन्म बोटीवर काढला आहे त्यांना आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट लवकर कळेल. त्या बोटीवर माणसे एकमेकांशी साध्या आवाजात बोलू शकतात. आपल्या बंदरात साठी ओलांडलेल्या नाखवांशी बोलायचे तर आवाज चढवावा लागतो, ह्याचे कारण केवळ वय नाही. आयुष्यभर कानाशी धडधडलेले इंजिनही त्याला कारण आहे. डिझेलचा वास कपड्यांना, जेवणाच्या डब्याला, पाण्याच्या कॅनला लागतो. बोटीच्या तळात साचलेले तेलकट पाणी शेवटी खाडीतच उपसले जाते. स्वच्छ यंत्राचा पहिला लाभ कोणा दूरच्या हवामान परिषदेला होत नाही. तो बोटीवरच्या माणसाच्या कानाला, छातीला आणि बोटीखालच्या पाण्याला होतो.

पण 'आदित्य'चे खरे गुपित सूर्यात नाही. सूर्य आधीही होता. गुपित तिच्या बांधणीत आणि चालीत आहे. ती हलक्या फायबरची, दोन निमुळत्या तळांची आहे, म्हणजे पाणी तिला कमी अडवते. आणि ती सावकाश जाते, ताशी सहा-सात सागरी मैलांच्या आसपास. पाण्यावर वेगाचा हिशेब फार महाग असतो. वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते. म्हणजे ज्याला घाई नाही त्याचेच काम सूर्य करतो. वीस किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला फार तर ऐंशी युनिट वीज मिळते. तेवढ्यात भागवायचे ठरवले म्हणून बोट त्या मापाची बांधली. मिळकत पाहून संसार आखणाऱ्या आपल्या जुन्या बायकांनी ही बोट बांधली असती तर त्यांना काही नवे शिकावे लागले नसते, असे आम्हांला वाटते.

येथे सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या वर्गाची आठवण होते. अॅरिस्टॉटलने माणसाच्या दोन प्रकारच्या कृतींत फरक केला आहे. एक घडवणे आणि दुसरे वागणे. सुताराने घडवलेली होडी चांगली की वाईट हे होडीकडे पाहून ठरते. ती गळते का, कलंडते का, ओझे पेलते का. पण माणसाचे वागणे चांगले की वाईट हे ठरवताना हेतू पाहावा लागतो, परिणाम पाहावा लागतो, आणि तो परिणाम कोणाकोणावर झाला हेही पाहावे लागते. उत्तम होडी चोरही वापरू शकतो. आजचा घोटाळा असा की 'स्वच्छ' हा शब्द आपण घडवलेल्या वस्तूला लावतो आणि त्याचे पुण्य वागणाऱ्याच्या खात्यावर जमा करतो. बोट स्वच्छ, म्हणून बोटीचा मालक सज्जन. बंदर हरित, म्हणून बंदर बांधणारे धर्मात्मे. हा हिशेब असा आपोआप जुळत नाही.

ह्याचे एक उदाहरण तर इतके बोलके आहे की ते मुद्दाम सविस्तर सांगतो. मोठी जहाजे जे जाडेभरडे काळे तेल जाळतात त्यात गंधक असते. त्याचा धूर बंदरांजवळच्या वस्त्यांच्या फुप्फुसांत जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. निर्णय चांगला होता. पण कमी गंधकाचे तेल महाग पडते. नियमात एक पळवाटही होती. जुनेच तेल जाळा, पण धुराड्यात धूर धुण्याचे यंत्र बसवा. अनेक जहाजांनी ते बसवले. त्यांतील बहुतेक यंत्रे समुद्राचे पाणी आत घेतात, त्याचा फवारा धुरावर मारतात आणि धुराने आंबट झालेले, जड धातू व काजळीतील विषारी द्रव्ये मिसळलेले ते पाणी पुन्हा समुद्रात सोडून देतात. धुराड्यातून निघणारा धूर स्वच्छ. कागदपत्रे स्वच्छ. आणि धुरातील घाण गेली कुठे? माशांच्या अंगणात. सिंगापूरसारख्या बंदरांनी आपल्या हद्दीत असे पाणी सोडायला २०२० सालीच बंदी केली. म्हणजे कचरा कुंपणापलीकडे सरकवला जात आहे हे निदान काही शेजाऱ्यांच्या ध्यानात आले. पण ज्या शेजाऱ्याला जीभच नाही, त्या मासळीने कोणाकडे तक्रार करायची?

तर ही आमच्या मते पहिली कसोटी. कोणतीही वस्तू स्वच्छ म्हणून समोर आली की विचारायचे, 'धूर गेला कुठे?' तो नाहीसा झाला की फक्त आपल्या डोळ्यांआड गेला?

प्रामाणिकपणे बघायचे तर ही कसोटी 'आदित्य'लाही लावली पाहिजे. तिच्या बॅटरीतील लिथियम कोठून येतो? जगातील बराच लिथियम दक्षिण अमेरिकेतील चिली आणि अर्जेंटिना ह्या देशांच्या उंचावरील कोरड्या मिठाच्या पठारांतून येतो. तेथे जमिनीखालचे खारे पाणी उपसून मोठमोठ्या वाफ्यांत उन्हाला ठेवतात. पाणी उडून जाते, क्षार उरतात. आपल्याकडच्या वाडवडिलांनी मिठागरात जे केले तेच हे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. पण आपल्या मिठागरात भरतीचे पाणी रोज नव्याने येते. तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही, आणि त्या पठारांच्या कडेला राहणारे मूळ रहिवासी आपल्या झऱ्यांच्या काळजीत आहेत. पॅनेल अपुरे पडले तर रात्री जी वीज घ्यायची तीही कोठून तरी येते. आपल्या जिल्ह्यात डहाणूच्या खाडीकाठी पाचशे मेगावॅटचे वीजकेंद्र कोळशावरच उभे राहिले, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून सौर बोट ढोंगी ठरते का? नाही. येथे काही मंडळी फार लवकर निकाल देतात. काहीच पूर्ण स्वच्छ नाही, मग डिझेलच बरे, असे म्हणतात. हा युक्तिवाद आळशी माणसाच्या सोयीचा आहे. पूर्ण निर्दोष वस्तू मिळेपर्यंत वाईटच वापरत राहायचे असे ठरवले तर कोणीच कधी काही सुधारणार नाही. कमी हानी करणे आणि उरलेली हानी लपवून न ठेवणे, एवढी नीती माणसाच्या आवाक्यातली आहे. तिची लाज बाळगण्याचे कारण नाही.

उलट, कधीकधी धूर सोडणारी बोटही हवा स्वच्छ करते. वसई आणि भाईंदरमधील रो-रो फेरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात डिझेलच जळते. पण ज्या माणसाला गाडी घेऊन महामार्गाने सुमारे अडतीस किलोमीटरचा वळसा आणि त्यातली कोंडी सोसावी लागत होती, तो साडेतीन किलोमीटर पाण्यावरून पलीकडे जातो. ते अंतर वैकोमपेक्षा फारसे जास्त नाही. प्रवाह, भरती-ओहोटी आणि गाड्यांचे ओझे वेगळे आहे हे मान्य. तरी आपल्या तरुण इंजिनिअरांनी हा विचार गंमत म्हणून तरी करून पाहावा.

आता दुसरी कसोटी. वैकोम हे नाव आपल्याला आणखी एका कारणासाठी ठाऊक असायला हवे. ३० मार्च १९२४ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. मागणी मंदिरात जाण्याचीसुद्धा नव्हती. मंदिराभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालू द्या, एवढीच होती. अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्या रस्त्यांवर पाय ठेवू देत नसत. रस्ता झाडलेला, नीटनेटका असेल. पण त्या रस्त्याची शुद्धता राखण्याची किंमत काही माणसांनी बाहेर उभे राहून मोजायची होती. त्याच गावाच्या धक्क्यावरून आज जी बोट सुटते तिच्यात कोणीही साधे तिकीट काढून बसतो, हे आम्हांला तिच्या पॅनेलइतकेच महत्त्वाचे वाटते.

रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळी, सन ५३३ मध्ये, कायद्याचे जे पाठ्यपुस्तक तयार झाले त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा ह्या वस्तू निसर्गतःच सर्वांच्या आहेत असे म्हटले आहे. पुढे संत थॉमस अक्वायनस ह्यांनी मालमत्तेविषयी लिहिताना वस्तू सांभाळण्याचा अधिकार एकाचा असला तरी तिच्या वापरात गरजूचा वाटा असतो, अशी मांडणी केली. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात ह्याच धाग्याने तंत्रज्ञानाकडे पाहिले आहे. यंत्र तटस्थ नसते, ते कोणाच्या तरी सोयीने जग आखते, हे त्यांचे म्हणणे. म्हणून केवळ धूर किती हे विचारून भागत नाही. बोटीत कोण बसला आणि धक्क्यावर कोण राहिला, हेही विचारावे लागते.

कोचीची 'वॉटर मेट्रो' ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २५ एप्रिल २०२३ रोजी तिचे उद्घाटन झाले. दहा बेटे, अडतीस धक्के आणि अठ्ठ्याहत्तर बोटी अशी तिची आखणी आहे. बोटी मुख्यतः बॅटरीवर चालतात आणि कोचीच्याच जहाज कारखान्यात बांधल्या गेल्या. पण आम्हांला त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती तरंगता धक्का. भरती असो वा ओहोटी, धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो आणि बोटीची फळी त्याच्याशी समपातळीत राहते. चाकाच्या खुर्चीतला माणूस कोणाच्या खांद्यावर न चढता आत जातो. आपल्याकडे ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या पायऱ्यांवरून म्हाताऱ्या माणसाला उतरवताना दोघांचे हात आणि सगळ्यांचा जीव लागतो. त्या तरंगत्या धक्क्याला 'हरित' म्हणावे असे काही नाही, त्याच्याविषयी भाषणेही कोणी करीत नाही. तरीही किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना अधिक उपयोग बॅटरीचा झाला की त्या धक्क्याचा, हे सांगणे कठीण आहे.

याउलट गोव्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये पणजीला अशाच एका सौर बोटीचे थाटात उद्घाटन झाले, आणि ती नंतर बराच काळ नुसती उभी राहिली. उभ्या बोटीतून धूर मुळीच येत नाही, हे मात्र खरे!

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. सौर फेरीबोट शांत पाण्यावर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने जाते आणि रात्री धक्क्याला येऊन बांधली जाते. आपल्या बोटीचे तसे नाही. डोल लावून दोन-चार दिवस समुद्रात राहायचे, प्रवाहाशी झगडायचे, बर्फ आणि मासळीचे ओझे आणायचे, वादळाची चाहूल लागली की पूर्ण वेगाने बंदर गाठायचे. एवढी शक्ती छतावरच्या पॅनेलमधून आज मिळत नाही. किनाऱ्यालगत काही तासांची मासेमारी करणाऱ्या लहान होड्यांना ती जमू शकते, आणि तशा होड्या आपल्या देशात बांधल्याही जात आहेत. पण सहा सिलिंडरच्या इंजिनाची जागा उद्या सकाळी बॅटरी घेईल असे जो सांगतो तो एक तर समुद्रावर गेलेला नाही किंवा काहीतरी विकायला आलेला आहे.

म्हणून येथे आम्हांला अन्यायाची भीती वाटते. समुद्र स्वच्छ करण्याची भाषा वर सुरू होते आणि तिचा बोजा बहुधा खाली, ज्याच्यापाशी कमीत कमी आहे त्याच्यावर येऊन पडतो. मच्छीमाराचा मोठा खर्च डिझेल आणि बर्फाचा. डिझेलच्या परताव्याची वाट पाहण्यात सोसायट्यांचे महिनेच्या महिने जातात. अशा माणसाला 'तू प्रदूषण करतोस' असे सांगणे सोपे आहे. तो करतोही. त्याच्या तळातील तेलकट पाण्याबद्दल, समुद्रात सोडलेल्या फाटक्या जाळ्यांबद्दल आम्ही व्यासपीठावरून बोललो आहोत आणि पुढेही बोलू. पण त्याच पाण्यात २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एक मालवाहू जहाज ६४० कंटेनर घेऊन बुडाले. प्लॅस्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यांवर पसरले आणि तेथील कोळ्यांना कित्येक दिवस घरी बसावे लागले. त्यांच्या इंजिनाचा धूर आणि त्या जहाजाची घाण एकाच तागडीत तोलता येणार नाही. ज्याच्या हातात अधिक, त्याच्यावर अधिक जबाबदारी, हे शुभवर्तमानातले माप आहे आणि ते येथे वापरायला हवे.

हेच माप वाढवणला लावा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ह्या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. ते 'हरित' बंदर होईल असे सांगितले जाते. विजेच्या क्रेन असतील, सौर पॅनेल असतील, जहाजांना किनाऱ्यावरून वीज मिळेल. ते सारे खरे होईल असे आपण धरून चालू. तरीही समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे, आणि डहाणूपासून आपल्यापर्यंतचे कोळी तेथील पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी लावत आले आहेत. कुंपणाच्या आत एकही धुराडे नसले तरी कुंपण कोठे घातले हा प्रश्न उरतोच. बंदराने रोजगार येईल, हे म्हणणारे आपल्या धर्मग्रामातही आहेत आणि त्यांच्या घरातील बेकार मुलगा हा काही खोटा युक्तिवाद नाही. आम्ही त्यांना गप्प करू इच्छित नाही. आमचे म्हणणे इतकेच की ज्याची मासळीची जागा जाते त्याचे नुकसान आधी मोजले जावे, त्याच्या तोंडून ऐकून मोजले जावे, आणि 'हरित' ह्या शब्दाखाली ते झाकले जाऊ नये.

वैकोमला नव्या बोटीची किंमत प्रवाशाने मोजली नाही. राज्याने मोजली, आणि डिझेल वाचल्यामुळे राज्यालाही ती परत मिळत गेली. उद्या एखादी संस्था आपल्या बंदरात बॅटरीची एक होडी 'प्रयोग' म्हणून घेऊन आली, तर सोसायटीच्या बैठकीत काही प्रश्न विचारून ठेवावेत असे आम्ही सुचवतो. कर्ज कोणाच्या नावावर चढणार? बॅटरी सहा-सात वर्षांनी थकली की नवी कोण देणार, आणि जुनी कोठे जाणार? भर समुद्रात मोटार बंद पडली तर दुरुस्त करणारा मिस्त्री आपल्या गावात असेल की कोचीहून बोलवावा लागेल? आणि ती होडी पहिल्यांदा कोणाला द्यायची? ज्याच्याकडे तीन बोटी आहेत त्याला, की जो अजून दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो त्याला?